प्रपोर्शनल फेअर की एम-एलडब्ल्यूडीएफ: चलत्या व्हिडिओसाठी कोणता शेड्युलर निवडावा?

एलटीईच्या (फोर-जी मोबाइल नेटवर्कच्या) बेस स्टेशनमधील शेड्युलर, म्हणजे वाटप करणारा भाग, दर मिलिसेकंदाला ठरवतो की उपलब्ध रिसोर्स ब्लॉक (रेडिओ पट्ट्याचे छोटे तुकडे) कोणत्या मोबाइलला द्यायचे. 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे 100 ब्लॉक असतात. वाटपाचा नियम थ्रीजीपीपीने (मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या संघटनेने) मानकात बांधून दिलेला नाही, त्यामुळे स्वतःचे खासगी नेटवर्क उभारणाऱ्याला ही निवड विचारपूर्वक करावी लागते. केवळ सर्वोत्तम चॅनल (बेस स्टेशनशी असलेला रेडिओ दुवा) असलेल्यालाच संधी देणारा नियम सेलच्या (बेस स्टेशनच्या क्षेत्राच्या) कडेवरच्या ग्राहकाला उपाशी ठेवतो आणि आळीपाळीचा नियम चॅनलकडे पाहतच नाही, म्हणून हे दोन्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवावेत.

प्रपोर्शनल फेअर हा नियम प्रत्येकाच्या या क्षणी शक्य असलेल्या वेगाला त्याला आजवर मिळालेल्या सरासरी वेगाने भागतो आणि ज्याचे उत्तर मोठे त्याला ब्लॉक देतो. हिशेब सोपा आहे, न्यायही बऱ्यापैकी होतो. परंतु पॅकेट रांगेत किती वेळ खोळंबले आहे, हे त्याला कळत नाही. मानकानुसार संवादी आवाजाच्या पॅकेटसाठी 100 आणि संवादी व्हिडिओसाठी 150 मिलिसेकंदांची विलंबमर्यादा आहे, आणि ही मर्यादा उलटल्यावर पोचलेले पॅकेट जवळजवळ निरुपयोगी असते.

बेल लॅब्जमधील अँड्र्यूज, स्टोल्यार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलेला एम-एलडब्ल्यूडीएफ (मॉडिफाइड लार्जेस्ट वेटेड डिले फर्स्ट) हा नियम नेमकी हीच उणीव भरून काढतो. वरच्या भागाकाराला तो रांगेतील पहिल्या पॅकेटच्या प्रतीक्षाकाळाने गुणतो आणि विलंबमर्यादा जितकी कडक तितके अधिक वजन देतो, त्यामुळे चॅनल खराब असलेल्याचाही नंबर वेळेत लागण्याची शक्यता वाढते. मात्र गर्दी क्षमतेबाहेर गेली की तो मुदत संपलेल्या पॅकेटांवरही ब्लॉक खर्च करू लागतो, म्हणून अशी पॅकेटे रांगेतूनच टाकून देण्याची सोय सोबत असलीच पाहिजे. प्रतीक्षाकाळच पाहणारा घातांकी (एक्स्पोनेन्शियल) नियम याहून आक्रमक आहे: सरासरीपेक्षा फार मागे पडलेल्या रांगेला तो झपाट्याने पुढे आणतो, आणि त्याची झळ साध्या डेटाला बसते.

माझ्या मते व्हिडिओ कॉल किंवा दूरस्थ वैद्यकीय सल्ला यांसाठी एम-एलडब्ल्यूडीएफच घ्यावा. साठवून दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओसाठी मात्र तो खटाटोप अनावश्यक आहे, कारण प्लेअरजवळ कित्येक सेकंदांचा साठा असतो आणि चित्राचा दर्जाही तो स्वतः कमी-जास्त करतो. तिथे प्रपोर्शनल फेअर पुरेसा ठरतो. आवाजाची गोष्ट आणखी वेगळी आहे. दर 20 मिलिसेकंदांना येणाऱ्या लहानशा पॅकेटसाठी प्रत्येक वेळी नवा आदेश पाठवला, तर डेटाची जागा शिल्लक असतानाच हे आदेश वाहणारा नियंत्रण चॅनल भरून जातो; म्हणून तिथे ठरावीक अंतराने ब्लॉक आधीच राखून ठेवणारे अर्धस्थायी वाटप वापरावे.

ही तुलना डाउनलिंकची (बेस स्टेशनकडून मोबाइलकडे) आहे, हे निवड करताना विसरू नये. अपलिंकमध्ये (मोबाइलकडून बेस स्टेशनकडे) रांग मोबाइलमध्ये असते आणि त्याच्या अहवालातून बेस स्टेशनला फक्त किती डेटा साचला आहे ते कळते, तो किती वेळ थांबला आहे ते नाही. त्यामुळे कॅमेऱ्यांचे थेट चित्रण वर पाठवणारे नेटवर्क असेल, तर एम-एलडब्ल्यूडीएफला प्रतीक्षाकाळ अंदाजानेच पुरवावा लागतो आणि त्याची सरशी तितकीशी खात्रीची राहत नाही.