“लायसन्स आहे” म्हणाला आणि आम्ही कुठलं ते विचारलंच नाही

मुलुंड पूर्वेला आमचं ४१० स्क्वेअर फुटाचं वन बीएचके आहे, बिल्डिंग १९८९ ची. बाथरूम, किचन आणि सगळी वायरिंग एकदाच उरकून टाकू, दहा वर्षं परत बघायला नको असं ठरवलं होतं, आणि आता चार लाख तीस हजार गेल्यावर हे लिहायला बसलेय. त्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव टाकत नाही कारण केस चालू आहे, पण तो कसा बोलतो आणि काय दाखवतो ते सगळं सांगते.

ओळखीतूनच आला होता. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने नंबर दिला, आणि त्याचं स्वतःचं काम याने केलेलं नव्हतंच, त्यालाही नंबर कोणीतरी दिलेला, हे नंतर कळलं. पहिल्या दिवशी लेझरचं माप घेऊन आला, चहा घेतला, सासूबाईंना वाकून नमस्कार केला (तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं, असं त्या आता म्हणतात, तेव्हा मात्र “किती चांगला मुलगा” म्हणाल्या होत्या) आणि बॅगेतून लॅमिनेट केलेले तीन कागद काढले. “ताई, आपण रस्त्यावरचे मिस्त्री नाही, लायसन्सवाले आहोत.” एक जीएसटीचा, एक गुमास्ता, एक इलेक्ट्रिकलचं लायसन्स. शिक्के बघितले आणि आम्ही खूश.

आता खरी गोष्ट ऐका. आपल्याकडे घराच्या रिनोव्हेशनचं सगळं काम करणाऱ्या माणसासाठी म्हणून असं एक लायसन्स नसतंच. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स राज्य सरकार देतं, प्लंबरचं पालिका देते, ती वेगळी आणि त्या त्या माणसाच्या किंवा फर्मच्या नावावर असतात. जीएसटी नंबर म्हणजे टॅक्सची नोंदणी, तुमची लादी सरळ बसेल याची गॅरंटी नाही. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंद. माझा मावसभाऊ सॅन होजेला असतो, त्याला सांगितलं तर म्हणाला आमच्या कॅलिफोर्नियात स्टेटचं बोर्ड आहे, लायसन्स नंबर टाकला की तक्रारींसकट सगळं दिसतं, आणि ॲडव्हान्स १० टक्के किंवा हजार डॉलर यातलं जे कमी असेल त्याच्यावर मागता येत नाही. मी ऐकून गप्प बसले, कारण आम्ही पहिल्याच दिवशी दोन लाख दिले होते.

त्या इलेक्ट्रिकल लायसन्सवर नाव कोणा दुसऱ्याच माणसाचं होतं. विचारलं असतं तर “पार्टनर” म्हणाला असता, पण आम्ही वाचलंच नव्हतं. जीएसटी नंबर १५ आकडी-अक्षरी असतो, सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दहा म्हणजे पॅन. जीएसटीच्या साइटवर कोणीही फुकट, लॉगिन न करता तो नंबर टाकून बघू शकतं. मी टाकला तो काम बंद पडल्यावर. स्टेटस कॅन्सल, आणि मालकाचं नाव त्याचं नाहीच. तरी कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी लावून बसला होता!

पैसे कसे गेले तेही सांगते, कारण इथेच माणूस अडकतो. कोटेशन ५ लाख ८० हजार आणि वर टॅक्स. दोन लाख अकाउंटला. मग तोडफोड झाल्यावर “ताई, मटेरियलचे भाव सोमवारपासून वाढतायत” म्हणून दीड लाख, ते पण मटेरियलवाल्याला डायरेक्ट जीपे करा, आणि एका दिवसात लाखाच्या वर जात नाही म्हणून दोन दिवसात केले, म्हणजे विचार करायला एक अख्खी रात्र होती मला. जीपेवर बाईचं नाव आलं. वाटलं दुकान बायकोच्या नावावर असेल. शेवटी ८० हजार कॅश, सुताराला गावी जायचंय म्हणून. पावती म्हणाल तर व्हॉट्सॲपवर एक अंगठा.

काम सुरुवातीला जोरात चाललं, सकाळी नऊला पाच माणसं हजर. मग तीन, मग एक बिगारी, तो पण दुपारी मोबाइल बघत बसायचा. एक दिवस त्यानेच सांगितलं, “मॅडम, सेठने हमको भी पैसा नहीं दिया, पंधरा दिन हो गया.” त्याला पोहे दिले, अजून काय देणार. दुसऱ्या दिवसापासून तोही नाही. कॉन्ट्रॅक्टरचा फोन आधी बिझी, मग “साइटवर आहे, करतो”, मग व्हॉट्सॲपचा फोटोच गेला.

तोपर्यंत खालच्या काकांच्या बाथरूमच्या छताला ओल आली. काका भला माणूस, पण किती दिवस बादली लावणार? सोसायटीने पत्र दिलं. शेवटी दुसरा प्लंबर बोलावला, वयस्कर, फार न बोलणारा. त्याने एका कोपऱ्यातल्या दोन लाद्या उचलल्या, छिन्नी मारली आणि मला हाक मारली. बाथरूमचा स्लॅब खाली दबलेला असतो ना, त्यात आधी वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून ४८ तास बघायचं, गळत नसेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग लादी. इथे केमिकलचा एक पातळ हात होता आणि त्यावर काय, तर आमचंच रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा. जुन्या बाथरूमच्या निळ्या फुलांच्या टाइल्सचे तुकडे, सासऱ्यांनी पसंत करून आणलेल्या, सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा तुकडा आणि गुटख्याच्या चार पुड्या. रॅबिट खाली उतरवून गाडी भरायचे १८ हजार लावले होते त्याने, आणि ते आमच्याच पायाखाली भरून ठेवलेलं. सासूबाईंनी एक निळा तुकडा धुऊन पुसून देवघराशेजारी ठेवलाय, मी काही बोलले नाही.

प्लायचं पण तेच. कोटेशनमध्ये ७१० मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं, लिहिलेलं, सिंकखाली लावलं साधं ३०३ चं कमर्शियल, महिन्याभरात पापडासारखं फुगलं. शीटवर शिक्का असतो, आयएसआयच्या खाली लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. पण शीट कापायच्या आधी बघा, आमचा सुतार कापून, सनमायका चिकटवूनच आणायचा, “तुमच्याकडे धूळ नको ताई.” वायर तर विचारू नका, गिझरला ४ स्क्वेअर एमएम लिहून निघाली अडीचची, म्हणजे बारीक.

पोलीस स्टेशनला गेलो. अर्ज घेतला, पोच दिली, पण काम अर्धवट म्हणजे सिव्हिल मॅटर असं ऐकवलं. खोटे कागद दाखवले हे लेखी मांडल्यावर जरा नीट ऐकून घेतलं. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, त्यांचा मेसेज त्याला गेला असेल, उत्तर शून्य. मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली, उपनगरचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. दिलेले पैसे पाच लाखापर्यंत असतील तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. माझ्याकडे सगळ्यात कामाला आलं ते कोटेशन, बँकेचं स्टेटमेंट आणि तोडतानाचे फोटो, जे मी खरं तर बहिणीला “बघ किती पसारा” म्हणून पाठवले होते. ८० हजार कॅशचं मात्र काहीच दाखवता येत नाहीये.

पुढच्या तारखेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं म्हणून बाथरूम नव्या प्लंबरकडून करून घेतोय, ॲडव्हान्स फक्त सामानापुरता, सामान आम्ही स्वतः दुकानातून बिलावर आणतो, मजुरी झालेल्या कामाची. आज पाणी भरून दुसरा दिवस. सकाळी खाली जाऊन काकांचं छत हाताने चाचपून आले, कोरडं आहे. काकू म्हणाल्या संध्याकाळी परत ये, तोपर्यंत आम्ही पण बघत बसतो.