अर्धा रिकामा पण आपला कंटेनर, की वाटणीतली जागा?

दोन-तीन घनमीटर माल पाठवायचा असेल तर फार विचार करू नका, एलसीएलनेच पाठवा, म्हणजे अनेकांचा माल एकत्र भरलेल्या कंटेनरमधल्या वाटणीतल्या जागेतून. पंचवीस घनमीटर असेल तर वीस फुटी कंटेनर घ्या आणि मोकळे व्हा. पंचाईत होते ती मधल्यांची. कुणाचा माल नऊ घनमीटर, कुणाचा अकरा, कुणाचा चौदा. सांगली-तासगाव पट्ट्यातून बेदाणा, हळद बाहेर पाठवणारे आमच्यासारखे बरेच लहान निर्यातदार याच टप्प्यात असतात. समोरच्याला एकदम भरलेला कंटेनर नको असतो, आणि एवढा सगळा माल उधारीवर समुद्रात सोडायचा धीर आपल्यालाही होत नाही.

मी बरीच वर्षं वाटणीतल्या जागेतून बेदाणा पाठवला. आता वीस फुटी घेतो, भरला नाही तरी. तुमचा माल वेगळा असेल, खरेदीदार वेगळा असेल, त्यामुळे माझंच ऐका असं म्हणणार नाही. पण दोन्ही वाटांनी माल गेलेला आहे, तेव्हा जे दिसलं ते मांडतो.

पैशांचं आधी. एलसीएलला घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. बेदाण्याचं खोकं घनमीटरमागे टनाच्या आतच बसतं, म्हणून आम्हाला घनमीटरच लागतो. तेरा ते पंधरा घनमीटरच्या आसपास दोन्हींचा खर्च सारखा होतो असं या धंद्यात सर्रास बोललं जातं. आकडा चुकीचा नाही, पण तो एका जागी थांबत नाही. कंटेनरचं भाडं पडलेलं असलं की ती रेघ खाली सरकते आणि दहा घनमीटरलाही पूर्ण कंटेनर परवडू लागतो. २०२१ मध्ये भाडी आभाळाला भिडली आणि रिकामे कंटेनरच मिळेनासे झाले, तेव्हा उलट झालं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाजं जाऊ लागली आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. तेव्हाही भाड्याचं गणित बदललं. त्यामुळे गेल्या हंगामाचा हिशेब या हंगामाला लावू नका. दर वेळी दोन्ही दर ताजे मागवा.

एवढं करूनही एलसीएलचा कागदावरचा दर पाहून निर्णय घेणं धोक्याचं आहे, कारण तो दर बहुतेक वेळा अर्धाच असतो. न्हावा शेवाहून निघताना समुद्रभाडं इतकं किरकोळ सांगितलं जातं की आपल्याला आनंद होतो. काही मार्गांवर तर ते शून्य असतं. कन्सॉलिडेटरची, म्हणजे अनेकांचा माल गोळा करून एका कंटेनरमध्ये भरणाऱ्याची, कमाई मग पलीकडच्या बंदरात होते. कंटेनर उघडण्याचे पैसे, माल वेगळा करण्याचे, गोदामाचे, डिलिव्हरी ऑर्डरचे, कागद हाताळण्याचे. हे सगळं माल सोडवणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या खरेदीदाराच्या गळ्यात पडतं. आपण सीआयएफ, म्हणजे समुद्रभाडं आणि विमा धरून दर दिलेला, त्यामुळे आपल्याला वाटतं विषय संपला. त्याला मात्र बिल बघून वाटतं की या माणसाने भाडं वाचवून खर्च माझ्यावर ढकलला. माझ्या रॉटरडॅमच्या खरेदीदाराने एकदा अगदी सभ्य भाषेत विचारलं, ‘पुढच्या वेळी दुसऱ्या कुणामार्फत पाठवता येईल का?’ तो ‘दुसरा’ म्हणजे फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणारा मध्यस्थ, की निर्यातदार, हे मी विचारलं नाही.

पूर्ण कंटेनरलाही तिकडे खर्च असतात, नाही असं नाही. पण त्यातला बराचसा भाग कंटेनरमागे ठरलेला असतो आणि आधी विचारला तर आधी कळतो.

वेळेचं म्हणाल तर एलसीएल म्हणजे आपल्याकडचं वडाप. सीट भरल्या की निघणार. रॉटरडॅम, हॅम्बर्ग, फेलिक्सस्टो, जेबेल अली अशा मोठ्या बंदरांना आठवड्याचा नेम बऱ्यापैकी पाळला जातो, तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. लहान बंदराला पाठवायचं असेल तर मात्र नीट चौकशी करा. माल मधल्या एखाद्या बंदरात उतरवून, उघडून, दुसऱ्या कंटेनरमध्ये भरला जातो. म्हणजे हमालांचे हात आणखी दोनदा लागतात. आधीच आपल्या गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून सीएफएसच्या (बंदराजवळच्या, कंटेनर भरायच्या गोदामाच्या) फलाटावर, फलाटावरून कंटेनरमध्ये, असं होत होत मालाला बरेच हात लागलेले असतात. पाच थरांची मजबूत खोकी वापरली तर बेदाणा हे सहन करतो. काचेच्या बरण्यांतलं लोणचं पाठवणाऱ्यांनी इथे दोनदा विचार करावा.

इथपर्यंत कुणी म्हणेल की हे सगळं सांभाळून घेता येतं. मीही सांभाळून घेत होतोच. खर्च थोडा इकडे-तिकडे, दोन-चार खोकी चेपलेली, एखादा आठवडा उशीर, यावरून मी पद्धत बदलली नसती. माझा निर्णय फिरला तो शेजाऱ्यामुळे.

एलसीएलमध्ये आपल्या मालाशेजारी काय ठेवणार हे आपल्याला कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. धोकादायक रसायनं वेगळी काढतात, त्याचे नियम आहेत. पण नियमाने निर्धोक असलेला माल बेदाण्याला निर्धोक असतोच असं नाही. आमच्या एका खेपेत शेजारी अगरबत्ती होती. भारतातून जाणारा अगदी साधा, कायदेशीर, निरुपद्रवी माल. बंद पत्र्याच्या खोलीत, उन्हाने तापलेल्या डेकवर, कित्येक आठवडे आमचा बेदाणा त्या अगरबत्तीच्या सोबतीने राहिला. बेदाणा वास धरतो. पिशवी आतून असली तरी ती काही हवाबंद डबा नसते. खरेदीदाराने व्हिडिओ कॉलवर खोकं उघडलं. दाणा हिरवा, टपोरा, कोरडा, एकही बुरशीचा डाग नाही. बघून मला बरं वाटलं. मग त्याने मूठभर नाकाशी नेला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, ‘गुलाब.’

तो माल बेकरीवाल्यांना जाणार होता. गुलाबाच्या वासाचा मनुकापाव तिकडे कोण घेणार? भरपाई मागायला गेलो तर कन्सॉलिडेटरचं म्हणणं, खोकी शाबूत आहेत, ओली नाहीत, संख्या बरोबर आहे, मग नुकसान कसलं? विमा कंपनीच्या सर्वेअरने वेष्टनावरच बोट ठेवलं. प्रत्येक जण आपापल्या जागी नियमाने वागत होता, आणि वर्षभर जपलेला माल मला सूट देऊन काढावा लागला. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेतून द्राक्ष उतरवून, शेडमधल्या जाळ्यांवर वाळवून, निवडून, कोल्ड स्टोरेजमध्ये रंग टिकवून ठेवलेला दाणा असतो तो. त्याच्या मागे शेतकऱ्याचं आणि निवडणाऱ्या बायकांचं किती काम असतं हे बघितलेलं असलं की असं नुकसान नुसतं पैशांत मोजता येत नाही.

शेजाऱ्याचा त्रास फक्त वासाचा नाही. कंटेनरमधल्या एकाच्या कागदात खोट निघाली की बाकीचेही थांबतात. अमेरिकेत कस्टम्सने कंटेनर तपासणीला बाजूला घेतला की तपासणीचा खर्च आतल्या सगळ्यांत वाटला जातो, आपला माल कितीही सरळ असो. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. ते सुटल्यावर जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे सुटकेचा खर्च जहाज आणि त्यावरचा सगळा माल यांनी मिळून उचलायचा, आणि मालवाल्याने आपल्या वाट्याची हमी दिल्याशिवाय माल हाती मिळत नाही. अशा वेळी स्वतःचा कंटेनर असेल तर आपण आपली हमी देऊन सुटतो. वाटणीच्या कंटेनरमध्ये आतल्या प्रत्येकाची हमी येईपर्यंत दार उघडत नाही. त्यातल्या एकाने विमाच काढलेला नसेल तर बसा वाट बघत.

हे वाचून पूर्ण कंटेनर म्हणजे सुख असं वाटायला नको. त्याची दुखणी वेगळी आहेत.

पहिलं, भरायचं कुठे? ट्रेलर उरणच्या बाजूने रिकामा कंटेनर घेऊन सांगलीपर्यंत येणार आणि भरून परत जाणार, त्याच्या दोन्ही बाजूंचं भाडं आपल्या डोक्यावर. शिवाय गोदामापर्यंत ट्रेलर वळला पाहिजे, वरच्या तारा आड येता कामा नयेत. पण माल माझ्या डोळ्यांसमोर भरला जातो, सील माझ्यासमोर लागतं. २०१७ पासून निर्यातदाराने स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावायची सोय झाली, त्यामुळे हे पूर्वीपेक्षा सोपं आहे. ज्यांना ट्रेलर परवडत नाही त्यांनी साध्या ट्रकने माल सीएफएसला न्यावा आणि तिथे आपला कंटेनर भरून घ्यावा. फक्त भरताना आपला माणूस तिथे उभा हवा, एवढं पथ्य पाळा.

दुसरं, स्वतःचा कंटेनरसुद्धा आधी कुणाचा तरी होऊन गेलेला असतो. म्हणून खाद्यपदार्थाच्या दर्जाचा कंटेनर हवा असं बुकिंगमध्येच लिहून घ्या, आणि आला की आत जाऊन उभे राहा. बाहेरच्याला दोन्ही दारं लावायला सांगायची. अंधारात कुठून उजेडाची तिरीप आली तर पत्र्याला भोक आहे, पावसाळ्यात तिथूनच पाणी येणार. त्याच दोन मिनिटांत वास घ्यायचा. कातडं, रसायन, कॉफी, काहीही जाणवलं तर कंटेनर परत. तळाच्या प्लायवूडवर तेलाचे डाग असले तरी परत. ड्रायव्हर कुरकुरतो, फॉरवर्डर फोन करून समजावतो की सगळे असेच असतात. ऐकू नका. एलसीएलमध्ये हे नाही म्हणायची संधीच मिळत नाही, माझ्या दृष्टीने फरक तिथेच पडतो.

तिसरं, अर्धा भरलेला कंटेनर भरायलाही डोकं लागतं. खोकी एका टोकाला छतापर्यंत रचून दाराकडे मोकळं सोडलं तर पहिल्या मोठ्या लाटेला ती कोसळतात. सबंध तळावर कमी उंचीत पसरायची, वजन दोन्ही बाजूंना सारखं ठेवायचं आणि पट्ट्यांनी आवळायची. थर कमी झाल्यामुळे खालची खोकी दबत नाहीत, हा फायदाच. घाम धरून छतावरून टपटपणाऱ्या पाण्यासाठी ओल शोषणाऱ्या पिशव्या बाजूच्या कड्यांना टांगायच्या. यात काटकसर नको. जुलै-ऑगस्टमध्ये तर अजिबात नको.

आणि चौथं, खरं महागात पडणारं: खरेदीदाराने माल सोडवायला वेळ लावला तर पूर्ण कंटेनरचा दंड रोजच्या रोज चढतो. नव्या, न पारखलेल्या खरेदीदाराला पहिली खेप म्हणून मी आजही वाटणीतूनच पाठवेन. रक्कम कमी अडकते, आणि तो पळाला तर कंटेनर गळ्यात पडत नाही. सुती कापड, पितळी भांडी, मशीनचे सुटे भाग असा वास न धरणारा माल असेल तर एलसीएलविरुद्ध माझ्याकडे फारसं बोलायला काही उरत नाही. पाच-सहा घनमीटरच्या आत तर बेदाण्यालाही तोच मार्ग. तिथे जाड आतली पिशवी उष्णतेने सीलबंद करून घ्या आणि शेजारी तीव्र वासाचा माल नको असं फॉरवर्डरकडून ईमेलवर लेखी घ्या. ते पाळतीलच याची खात्री नाही, पण पुढे वाद झाला तर हाती कागद राहतो.

चहा, हळद, मसाले, गूळ, काजू, बेदाणा असं काही पाठवत असाल, खरेदीदार जुना असेल आणि माल नऊ-दहा घनमीटरच्या पुढे जात असेल, तर माझा कल तुम्हाला कळलाच आहे. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. बऱ्याचदा जातही नाहीत, कारण पलीकडचं बिल धरलं की फरक फार उरत नाही. मी खरेदीदाराशी बोलून दोन छोट्या खेपांची एक केली, त्यालाही तिकडचा खर्च एकदाच पडू लागला आणि त्याने ते आनंदाने मान्य केलं. तुमचाही करेल, विचारून बघा.

फॉरवर्डरला फोन कराल तेव्हा दोन्ही पर्यायांचा दर एकाच दिवशी, एकाच बंदरासाठी मागा. एलसीएलच्या दरासोबत पलीकडच्या बंदरातल्या प्रत्येक आकारणीची यादी हवी, ‘तिकडच्या दराप्रमाणे’ असं मोघम उत्तर घेऊ नका. पूर्ण कंटेनरसाठी तिकडचे फ्री डेज, म्हणजे दंड सुरू होण्याआधीचे मोफत दिवस, किती ते विचारून बुकिंगच्या आधीच वाढवून घ्या, जहाज सुटल्यावर सहसा कुणी वाढवून देत नाही. आणि ही दोन्ही उत्तरं खरेदीदाराला जशीच्या तशी पाठवा. निम्मा खर्च त्याच्या खिशातून जाणार आहे, त्याचं मतही निम्मं धरा.