कोंबड्यांसाठी सिरॅमिक हीट बल्ब: पाच महिने वापरल्यावर

ऑक्टोबरच्या शेवटी मागवला होता, आता मार्च संपत आला. आमच्या परसात अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. सहा गावठी, बाकीच्या गिरिराज या सुधारित जातीच्या. घर कोल्हापूरजवळच्या पाचगावात, मागं मोकळं रान, त्यामुळं पहाटेचं वारं थेट खुराड्यावर. वस्तू म्हणजे १०० वॅटचा, नुसती ऊब देणारा सिरॅमिक बल्ब, त्याच्यासोबत आलेला क्लिपवाला होल्डर आणि वेगळा घेतलेला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला बल्ब आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. सगळं मिळून हजारभर रुपये गेले. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, हाच माल दहा नावांनी विकायला असतो.

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. मी बल्ब घेतला खुराडं उबदार करायला. त्या कामाला तो लागतच नाही. लागला तो आजारी कोंबडीच्या उशाशी, आणि तिथं मात्र पैसे वसूल झाले.

सुरुवातीला मी काय केलं ते ऐका. नोव्हेंबरात थंडी पडली तशी खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली, आत बल्ब टांगला, थर्मोस्टॅट २४ वर लावला. मनात म्हटलं, आता बघा कशी अंडी देतायत. सासूबाई गारगोटीकडच्या, त्यांचा जन्म कोंबड्यांत गेलेला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "त्यास्नी देवानं पिसं दिल्यात की गं. आन् तू वर गोधडी घालाय लागलीस व्हय?" मी म्हटलं, "आत्ती, थंडी किती पडलीय बघा तरी." त्या काही न बोलता आत गेल्या.

आठ दिवसांनी सकाळी दार उघडलं तर डोळ्यांत चरचरलं. ताडपत्रीच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं आणि दोन कोंबड्या शिंकत होत्या. कोंबड्यांच्या श्वासातनं आणि विष्ठेतनं रात्रभर ओल सुटते, ओल्या विष्ठेतनं अमोनिया होतो, आणि मी तो सगळा आत कोंडून वर त्याला ऊब देत होते. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. पिसं फुगवून, पाय पोटाखाली घेऊन बसली की कोल्हापूरच्या थंडीचं तिला काही वाटत नाही. आमच्याकडे यंदा सगळ्यात कमी पारा १२ च्या जरा खाली गेला, तोही दोनच रात्री. तिला खरा त्रास होतो तो ओलीचा आणि अंगावर थेट येणाऱ्या वाऱ्याचा.

मग ताडपत्री फक्त वाऱ्याच्या बाजूला ठेवली, तीही छपरापासून हातभर सोडून. खाली उसाचं पाचट टाकलं होतं, ते ओल धरून कुबट झालेलं. ते काढून भाताचं तूस टाकलं. बसायला गोल पाइप होता, त्याच्या जागी दोन इंच रुंद लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे बोटं पोटाच्या पिसांत झाकली जातात. संध्याकाळी मूठभर मका जास्त. रात्रभर तो पचत राहतो, अंगात ऊब राहते. एवढ्यावर खुराड्याचा हिवाळा निघाला. बल्ब बंद. शिंकणाऱ्या दोघींना पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाण्यातनं द्यायची पावडर दिली आणि औषध सुरू असताना व थांबल्यावरही त्यांनी सांगितले तेवढे दिवस त्यांची अंडी खायची नाहीत असं बजावलं. ती अंडी टाकून देताना सासूबाईंचा जीव जात होता.

आता बल्बच्या खऱ्या कामाकडे. डिसेंबरात आमची काबरी नावाची कोंबडी एका दुपारपासून वेगळीच दिसायला लागली. छाती वर करून सरळ उभी, शेपटी खाली, दर थोड्या वेळानं अंडी घालायच्या टोपलीत जायची आणि तशीच बाहेर यायची. शेपटी एकसारखी वरखाली. पोटाखाली हात घातला तर मागच्या बाजूला टणक लागलं. अंडं अडकलं होतं. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून बघितलं आणि तिला पोटापर्यंत बसवलं. पहिली दोन मिनिटं फडफड केली, मग माझ्या हातावर मान टाकून चक्क डोळे मिटले. वीस मिनिटांनी काढून टॉवेलनं टिपली. पण कोंबडीची ओली पिसं टॉवेलनं वाळत नाहीत, आणि डिसेंबरच्या रात्री ओली कोंबडी म्हणजे एका दुखण्यावर दुसरं.

घरात जुना लोखंडी पिंजरा होता. त्यात गोणपाट अंथरलं, बल्ब पिंजऱ्याच्या एका टोकाला, तिच्या पाठीपासून दीड फुटावर टांगला. एका टोकाला अशासाठी की गरम झालं तर तिला सरकता आलं पाहिजे. सगळीकडं सारखी ऊब केली तर ती जाणार कुठं? पाठीच्या उंचीवर २९ अंश झाले. ती बल्बखाली जाऊन बसली, तासाभरात वाळली आणि मग हळूहळू अर्ध्या पिंजऱ्यापर्यंत सरकली. चोच उघडून धापा टाकत असेल किंवा पंख अंगापासून लांब धरले असतील तर बल्ब वर उचलायचा. डोळे मिटून, पिसं फुगवून अगदी बल्बखालीच बसली असेल तर अजून ऊब पाहिजे. थर्मामीटर आहेच, पण मी कोंबडीकडं बघून ठरवते.

या बल्बला उजेड अजिबात नाही, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू त्या रात्री कळली. खोली अंधारी, शांत, उबदार. साडेतीनला उठून मोबाइलच्या उजेडात बघितलं तर गोणपाटावर अंडं पडलेलं, सुरकुतलेलं, कवच इतकं पातळ की बोटानं दबत होतं. ती बाजूला बसून पाणी पीत होती. सकाळपर्यंत सुटलं नसतं तर डॉक्टरांकडेच न्यायची होती. आत अंडं फुटलं तर कोंबडी जाऊ शकते, म्हणून दाबून काढायच्या फंदात पडू नका. चूक पुन्हा माझीच. थंडी म्हणून मका आणि कणी वाढवली होती, कवच टणक व्हायला लागणारा शिंपल्यांचा चुरा द्यायचं राहूनच गेलं होतं.

अंड्यांवरून आठवलं. जाहिरातीत लिहिलं होतं, हिवाळ्यात अंडी वाढतील. वाढत नाहीत. हिवाळ्यात अंडी कमी होतात ती दिवस लहान होतो म्हणून. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. उजेडच न देणारा बल्ब त्यात काय करणार?

तक्रारी आहेत. सोबत आलेला होल्डर आतनं प्लॅस्टिकचा निघाला. चौथ्या रात्री करपल्याचा वास आला, बघते तर कडा मऊ पडलेली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं, "वापरण्याची पद्धत तपासा." मग इलेक्ट्रिकच्या दुकानातनं चिनी मातीचा होल्डर आणला. क्लिपची गोष्ट त्याहून वाईट. जानेवारीत रात्री ती घसरली आणि बल्ब पिंजऱ्यात टाकलेल्या तुसावर पडला. हा बल्ब लाल होत नाही, त्यामुळं लांबून पेटलाय की बंद आहे ते कळतच नाही, पण त्याच्यावर पाण्याचा थेंब पडला तर चर्र आवाज येतो इतका तो तापतो. नवरा फौंड्रीत रात्रपाळीला, मी झोपलेली. सासूबाईंना धुराचा वास आला म्हणून निभावलं. ताटलीएवढं तूस काळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी क्लिप फेकून दिली. आता बल्ब साखळीनं वरच्या हुकाला, शिवाय वेगळ्या तारेनं दुसरीकडं बांधलेला, आणि खाली तूस नाही, गोणपाट. बल्बवर धूळ आणि जळमटं बसतात, ती थंड असताना दर आठवड्याला पुसते.

थर्मोस्टॅट घ्याच. नुसता बल्ब लावून झोपू नका. मात्र त्याची सेन्सरची वायर कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर आणि बल्बच्या थेट खाली येणार नाही अशी बांधा. मी आधी वर छताला बांधली होती. तिथं ३० दाखवायचा आणि खाली कोंबडी २२ मध्ये कुडकुडत बसलेली. माझा थर्मोस्टॅट साध्या थर्मामीटरपेक्षा दोन अंश जास्त दाखवतो, ते धरूनच चालते.

विजेचं म्हणाल तर बल्ब सलग दहा तास चालला तर एक युनिट. शेजारी पिल्लांसाठी २५० वॅटचा लाल बल्ब लावतात, तो तेवढ्याच वेळात अडीच युनिट खातो आणि रात्रभर उजेड. पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. कुठलाही बल्ब घेताना त्याच्यावर नॉन-स्टिकसारखा थर नाही ना ते वाचा. तो थर तापला की त्यातनं निघणाऱ्या वायूनं पक्षी मरतात. वीज गेली तर मी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवते. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, कोंबडीसाठी नाही आणि आपल्यासाठीही नाही.

बल्ब म्हणजे औषध नव्हे, हे फेब्रुवारीत कळलं. तीन वर्षांची एक गिरिराज पोटात पाणी होऊन आजारली. पाच दिवस पिंजऱ्यात ठेवली, ऊब दिली, ओआरएसचं पाणी चोचीच्या टोकाला थेंब थेंब लावलं (चोच उघडून आत ओतायचं नाही, श्वासनळीत जातं). सहाव्या सकाळी गेली. ऊब मिळाल्यामुळं तिची शेवटची शक्ती थंडीशी झगडण्यात गेली नाही, बल्बनं केलं ते एवढंच. आणि मानमोडीवर (राणीखेत रोगावर) तर औषधच नाही, लस वेळेवर टोचून घेणं एवढंच हातात असतं. आमच्या सगळ्यांना टोचलेली आहे.

बरी झालेली कोंबडी एकदम बाहेर सोडू नका. २९ अंशांतनं थेट १३ मध्ये गेली तर पुन्हा आजारून बसते. मी चार दिवसांत ऊब उतरवत आणते. शिवाय आठवडाभर बाहेर राहिलेलीला बाकीच्या ओळखच दाखवत नाहीत, टोचून टोचून तुरा रक्तबंबाळ करतात. काबरीला मी दोन दिवस खुराड्याजवळच डालग्याखाली ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, मग तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर पट्टीवर नेऊन बसवली. सकाळी एकदोघींनी टोचून बघितलं, मग मक्यावर पडल्या.

आता दुपारी ३६-३७ होतंय. बल्ब धुऊन पुसून कापडात गुंडाळला आणि फळीवर ठेवला. काबरी परवापासून खुडूक बसलीय, सासूबाईंनी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. मी विचारलं, "आत्ती, पिल्लं आल्यावर बल्ब काढू का खाली?" तर म्हणाल्या, "मग ती कशाला बसलीया?"