सल्फासालाझिन ५००: काही महिने वापरल्यावरचं मत, बरंचसं कोटिंगबद्दल

"कंटेंट सेमच आहे" म्हणत केमिस्टने साध्या गोळ्यांची स्ट्रिप पुढे केली, म्हणून हे लिहायला घेतलं. कंटेंट सेम असेल, गोळी सेम नाही. आरएसाठी (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) द्यायची ती सल्फासालाझिनची गोळी एन्टरिक कोटेड, म्हणजे जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळणारी. नावापुढे ‘ईसी’, ‘डीआर’ किंवा ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ यातलं काहीतरी छापलेलं हवं. साधी गोळी जठरातच विरघळते, मग मळमळ, जेवण नकोसं होणं, आणि दुसऱ्याच आठवड्यात "मला हे औषध सोसत नाही" असा निकाल. औषध बिचारं सोसलं असतं. कोटेड गोळी मोठी वाटते म्हणून अर्धी करणं, चावणं, कुटून मधात घेणं, सगळं बंद. अँटासिडचं सिरप त्याच वेळी घेतलं तर कोटिंग जठरातच सुटू शकतं, म्हणून मध्ये दोन तास जाऊ द्या.

गोळीची घडणच वेगळी आहे. सल्फापिरिडिन हे सल्फा औषध आणि ५-एएसए हे सॅलिसिलेट, दोन्ही एका रासायनिक बंधाने जोडलेली. हा बंध तुटतो मोठ्या आतड्यात, आणि तो तोडतात तिथले जंतू. सुटलेलं सल्फापिरिडिन रक्तात जातं. सांध्यांसाठी मुख्यतः तेच कामाचं मानतात. ५-एएसए बहुतेक आतड्यातच राहतं, म्हणून अल्सरेटिव्ह कोलायटिसवालेही (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) हीच गोळी घेतात.

गंमत अशी की ही गोळी जंतू मारायला बनवली होती. स्वीडनच्या डॉक्टर नान्ना स्वार्ट्झ बाईंचा अंदाज होता की आरएच्या मुळाशी संसर्ग आहे. म्हणून जंतूंवर सल्फा आणि सुजेवर सॅलिसिलेट असं एकत्र बांधून त्यांनी १९४० च्या सुमाराला हे औषध तयार करून घेतलं. तो जंतू काही सापडला नाही. ब्रिटनमधली सुरुवातीची चाचणी निराशाजनक निघाली, औषध पोटाच्या डॉक्टरांकडे गेलं आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी बर्मिंगहॅममध्ये डॉ. मॅकॉन्की यांनी ते पुन्हा सांध्यांसाठी वापरून दाखवलं.

संसर्गाची शंका मात्र गेलेली नाही. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू प्रथिनांचा एक घटक बदलून त्याचं सिट्रुलिन करतो, आणि आरएच्या निदानासाठी रक्तात तपासतात ती अँटी-सीसीपी ही अँटिबॉडी अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध असते. ईबी (एपस्टाईन-बार) विषाणूवरही संशय आहे. पण ‘हा जंतू मारा, आरए बरा’ असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकचंच घ्या. १९९५ साली छापलेल्या ४८ आठवड्यांच्या अमेरिकन चाचणीत रोज २०० मिग्रॅ घेणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांची सांध्यांची सूज सुधारली, नुसत्या दिखाऊ गोळीवरच्यांपैकी ३९ टक्क्यांची. फरक खरा, पण मिनोसायक्लिन जंतूंशिवाय कूर्चा कुरतडणारी एन्झाइम्सही दाबतं, त्यामुळे यातून संसर्ग सिद्ध होत नाही. शिवाय त्याचे दुष्परिणाम: त्वचेवर निळसर-काळे डाग, चक्कर, क्वचित औषधानेच होणारा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार). ‘अँटिबायोटिकने आरए मुळापासून बरा’ असं सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जा. दातांचा फायदा तरी नक्की.

डोस चढवायची घाई नको. पहिल्या आठवड्यात रोज एक गोळी, मग दर आठवड्याला एक वाढवत चारपर्यंत: सकाळी दोन, रात्री दोन, जेवणानंतर. पोट बिघडलं तर डॉक्टरांना विचारून एक पायरी खाली. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. महिन्याभरात "काही फरक नाही" म्हणून सोडणं म्हणजे घेतलेल्या गोळ्याही फुकट. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सवर मात्र डाग पडतो.

पैसे जातात ते तपासण्यांत. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या पहिले तीन महिने दर दोन-चार आठवड्यांनी, नंतर साधारण तीन महिन्यांनी. चिडचिड होते, पण यात काटकसर नको: पांढऱ्या पेशी एकदम कोसळण्याचा धोका मुख्यतः याच पहिल्या तीन महिन्यांत असतो. ताप, घसा दुखणं, तोंडात फोड किंवा अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर आणि सीबीसी. सल्फाची ॲलर्जी असेल तर हे औषध नकोच. जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर सुरू करण्याआधी सांगा.

जुनं, दुय्यम औषध, तीन तारे, असं माझं मत होतं. मग २०१३ सालची रॅकॅट चाचणी वाचली. मेथोट्रेक्सेट हे आरएचं नेहमीचं औषध पुरेसं न पडलेल्या ३५३ रुग्णांत त्याला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जोड देणं हे इटानरसेप्टच्या महागड्या इंजेक्शनपेक्षा कमी पडलं नाही. चार तारे. पाचवा कोटिंग न बघता स्ट्रिप बदलणाऱ्यांमुळे कापला.

महाराष्ट्रात आणखी एक बघायला हवं: चिकनगुनियानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने हुबेहूब आरएसारखी दिसते. तेव्हा गोळी सुरू करण्याआधी अँटी-सीसीपी झालंय का, आधी ताप येऊन गेला होता का, हे डॉक्टरांपुढे मांडा. गरोदरपणात ही गोळी सहसा चालते, सोबत फॉलिक ॲसिड लागतं. पुरुषांमध्ये शुक्राणू कमी होतात, बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. मूल हवं असेल तर तेवढा काळ आधीच डॉक्टरांशी बोला.