चांपानेर की मांडू?

जुन्या इमारती कुठल्या सरस, हा वाद आमच्या बडोद्यातल्या घरी दर दिवाळीत होतो, कारण मामा इंदूरचे. त्यांचं मांडू, आमचं चांपानेर.

चांपानेरची जामा मशीद गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याच्या काळातली. त्याने 1484 मध्ये पावागडचा डोंगरी किल्ला जिंकला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. मशिदीत शिरलं की आधी खांबांचं रान दिसतं, सगळे मिळून 172. वर पाहिलं की मंदिराच्या सभामंडपासारखं कोरीव छत, बाजूला झरोके, जाळ्या. मूर्ती नाहीत, पण वेली, कमळं आणि भौमितिक नक्षी अशी की कारागिरांचा हात मंदिरांवरच बसला असावा. प्रवेशाचे दोन मिनार मात्र खास मशिदीचे. मला हे मिश्रणच आवडतं.

मांडूची जामा मशीद 1454 मध्ये पूर्ण झाली. तिथे नक्षी कमी, कमानींच्या रांगा जास्त. उंच जोतं, मोठे घुमट. मांडूतल्याच हिंडोळा महालाच्या कललेल्या भिंतींत दिल्लीच्या तुघलकी बांधणीची छाया दिसते. माळव्याचा सुलतान होशंगशाहाची संगमरवरी कबर पाहायला 1659 मध्ये शाहजहानचे वास्तुकार आले होते; तसा शिलालेखच आहे तिथे. मामा तो दरवेळी ऐकवतात.

भव्यतेत मांडू पुढे, हे कबूल. पण तासभर एकाच खांबापाशी रेंगाळायचं, तर चांपानेर. शिवाय घरापासून पन्नासेक किलोमीटरच. डबा गरम असतानाच पोहोचतो.