हॉर्सरॅडिश: पेरूच्या आळ्यात की अर्ध्या ड्रममध्ये?

मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो तोच हॉर्सरॅडिश या मोहरीच्याच कुळातल्या परदेशी कंदमुळाच्या मुळात असतो, आणि दोन्हींमागचं रसायनही एकच. त्यामुळे ते लावायचं कशाला, हे सांगत बसत नाही. प्रश्न जागेचा आहे: फळझाडाच्या आळ्यात, की निळा ड्रम अर्धा कापून त्यात?

पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या टिकाऊ शेतीच्या, हिशोबाने आळंच बरोबर. मूळ खोल जातं, रुंद पानं अधूनमधून कापून झाडाखाली आच्छादनाला टाकता येतात, ठिबक आधीच पोचलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पेरूची सावली आयती मिळते. दुपारी पानं माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. ड्रम इथे मागे पडतो. पश्चिमेच्या उन्हात त्याची कड तापते आणि कडेचीच मुळं आधी मऊ पडतात. भिंतीच्या पूर्वेला ठेवला आणि रोज पाणी दिलं तर निभतं.

पावसाळ्यात उलट. आपल्या काळ्या मातीत जुलैमध्ये आळ्यात पाणी तुंबलं की लावलेली मुळाची कांडी सडते. उंचवटा करून लावली तर वाचते, म्हणजे हेही निभतं.

निभत नाही ती काढणी. चव थंडी खाल्ल्यावर भरते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत काढायचं, आणि तेव्हा काळी माती दगड झालेली असते. कुदळ मारली की मूळ वीतभर खाली तुटतं. आदल्या दिवशी भिजवलं तर चिकटा होतो, वाफशाची वाट पाहिली तरी तळाचा तुकडा राहतोच. पेन्सिलएवढ्या तुकड्यालाही फुटवे येतात. खणताना ते इकडेतिकडे झाले की तितकी नवी रोपं. वर पेरूची उथळ मुळं तुटतात ती वेगळीच. लव्हाळ्याशी झुंजलेल्यांना जास्त सांगायला नको. वरून पुठ्ठा अंथरून हे थांबत नाही. कडेने बाहेर येतं.

ड्रम आडवा करून माती ताडपत्रीवर ओतली की काम संपलं. अंगठ्याएवढी मुळं स्वयंपाकघरात, पेन्सिलएवढी पुढच्या लागवडीला. त्यांचं वरचं टोक सरळ आणि खालचं तिरकं कापा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही.

200 लिटरच्या ड्रमचा अर्धा भाग साधारण 45 सेंमी खोल भरतो. तळाला 12 मिमीची आठ-दहा भोकं. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं कंपोस्ट, एक भाग जाड वाळू. कच्चं शेणखत नको, मुळाला फाटे फुटतात. ऑक्टोबरअखेर 20 सेंमीच्या तीन कांड्या तिरप्या लावा, वरचं टोक 5 सेंमी मातीखाली, आणि पुढच्या थंडीपर्यंत हात लावू नका. एक मात्र पाळा: ड्रम थेट मातीवर ठेवू नका. भोकातून मूळ जमिनीत उतरलं तर टाळलेला त्रास परत दारात. विटांवर ठेवा आणि महिन्यातून एकदा खालून हात फिरवा.

ड्रममधलं मूळ तळाशी वळतं, आळ्यातल्यासारखं लांबसडक होत नाही, हे कबूल. कोबीवरच्या अळ्या दोन्हीकडे सारख्याच येतात. पानांना भोकं पडली तरी मुळाचं फारसं बिघडत नाही. एक कोपरा कायमचा देऊन टाकायची तयारी असेल तर आळंही चुकीचं नाही. घराभोवती गुंठा-दोन गुंठेच असतील तर ड्रम बरा.

किसायला खिडकीपाशी बसा, डोळ्यांतून धारा लागतात. तिखटपणा किसल्यावरच तयार होतो आणि व्हिनेगर तो तिथेच थांबवतं. सौम्य हवं तर लगेच घाला, जहाल हवं तर तीन मिनिटं थांबून. वाटीभर किसाला दोन-तीन चमचे व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ पुरे. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये. काकडीच्या कोशिंबिरीत फेसलेल्या मोहरीच्या जागी अर्धा चमचा घालून बघा. आणि शेवग्याला इंग्रजीत हॉर्सरॅडिशचं झाड म्हणतात म्हणून त्याची मुळी किसू नका. तिच्या सालीत विषारी द्रव्यं असतात.