एनबीए लीग पास: दुखापतीतून परतणारा प्लेयर बघायचा असेल तर घ्याच, पण पूर्ण मॅच बघायला

एखाद्या मोठ्या प्लेयरचं अकिलीस (टाचेमागची जाड शीर) किंवा एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) फाटतं, तो वर्षभर बाहेर बसतो आणि मग तो परत येणार म्हटलं की लगेच प्रश्न सुरू होतात की या सीझनला लीग पास (एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या मॅचेस बघायचं सबस्क्रिप्शन) घ्यावा का. माझं म्हणणं, घ्या. फक्त पहिल्याच रात्री तो चाळीस पॉइंट्स टाकेल आणि पैसे वसूल होतील एवढीच अपेक्षा असेल तर राहू द्या, हायलाइट्स फुकटच मिळतात.

पण हायलाइट्समध्ये फक्त गेलेले शॉट्स दिसतात ना. लांबून शॉट मारण्यात पटाईत असलेल्या क्ले थॉम्पसनचंच घ्या. 2019 च्या फायनल्समध्ये डाव्या गुडघ्याचं एसीएल गेलं, त्यातून बरा होतोय तोवर नोव्हेंबर 2020 मध्ये उजवं अकिलीस, आणि शेवटी 9 जानेवारी 2022 ला कॅव्हलियर्सविरुद्ध तो खेळला. सगळ्यांना आठवतो तो गर्दीत घुसून मारलेला डंक (उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं), आणि खरंच काय डंक होता तो, अजून बघितला तरी अंगावर काटा येतो! पण त्या रात्री तो 20 मिनिटंच खेळला, 18 पैकी 7 शॉट्स गेले, 17 पॉइंट्स. डंक बघून लोक म्हणाले जुना क्ले आला, आणि पुढे शॉट्स चुकायला लागले की तेच लोक म्हणाले संपला. दोन्ही चूक. 2022-23 मध्ये त्याने 301 थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंट्सचे शॉट्स) मारले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. म्हणजे परत आल्यावरही नीट लय सापडायला पुढचा सीझन उजाडला.

पूर्ण मॅच बघण्याची मजा इथेच आहे. बॉल त्याच्याकडे नसताना त्याच्याकडे बघा, रिबाउंडला (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला) उडी मारून खाली येताना वजन कुठल्या पायावर घेतो, डिफेन्सला बाजूला सरकताना अर्धं पाऊल मागे पडतो का, तिसऱ्या क्वार्टरमध्ये शॉट आखूड पडायला लागतो का (आखूड पडला की समजायचं पाय दमले). लीग पासवर मॅच नंतर रिप्लेला मिळते, मागे घेऊन परत बघता येते, ॲपमध्ये स्कोर लपवायचं सेटिंग पण आहे ते आधी ऑन करा. दहा मिनिटांची कंडेन्स्ड (कापून छोटी केलेली) मॅच असते ती वेळ नसेल तर ठीक, पण अशा प्लेयरसाठी ती पुरत नाही कारण मधलं चालणं, धावणं, बेंचवर जाणं सगळं त्यात कापलेलं असतं.

एक गोष्ट मात्र घेण्याआधी बघाच. अमेरिकेत राहत असाल तर लोकल टीमच्या आणि नॅशनल चॅनलवरच्या मॅचेस लाइव्ह ब्लॅकआउट असतात (म्हणजे लीग पासवर दिसत नाहीत), आणि स्टार परतणार म्हटल्यावर नेमकी तीच मॅच नॅशनल चॅनलवर जायची शक्यता जास्त. शिवाय परतलेल्या प्लेयरला मिनिट्स रिस्ट्रिक्शन (किती मिनिटं खेळायचं याची मर्यादा) असतं, सलग दोन रात्री मॅच असली की एक तो बसणारच. म्हणून इंज्युरी रिपोर्ट (कोण खेळणार, कोण बसणार याची यादी) बघूनच मॅच लावा.

आणि प्लीज प्रत्येकाला केव्हिन ड्युरांटच्या मापाने मोजू नका. अकिलीसनंतर तो पहिल्याच मॅचला 25 मिनिटांत 22 पॉइंट्स करून गेला, पण त्याची उंची आणि तो शॉट बघा, वरून मारायला त्याला कुणाला मागे टाकावंच लागत नाही. कोबी ब्रायंट अकिलीसनंतर परत आला तेव्हा 9 पॉइंट्स आणि 8 टर्नओव्हर्स (बॉल समोरच्या टीमकडे घालवणं) होते, आणि सहाच मॅचनंतर गुडघ्याचं हाड मोडलं. आणि तो तर कोबीसारखा दिग्गज होता.

पासिंगसाठी ओळखल्या जाणाऱ्या टायरीस हॅलिबर्टनचं अकिलीस 2025 च्या फायनल्सच्या गेम 7 मध्ये गेलं, त्याआधी पहिल्या क्वार्टरमध्येच तीन थ्री मारले होते बिचाऱ्याने. अशा दुखापतीनंतर त्याच्याकडून पहिले दोन महिने मला पॉइंट्स नकोच आहेत. रिबाउंड मिळताच मान वर करून तो लांब पास फेकतो का आणि पास देऊन झाल्यावर स्वतः पळतो का, मी एवढंच बघणार.